उलटतपासणी विसरायला अडीच हजार पौंड

कोल्हापुरात सात वर्षं फौजदारी वकिली केली. शेवटच्या वर्षी एका तीनशे दोनच्या खटल्यात सिनियर आजारी पडले म्हणून निम्म्या साक्षीदारांची उलट मी एकटीनं घेतली. त्यानंतर लग्न, लंडन, मूल, परदेशी वकिलांसाठी तेव्हा असलेली क्यूएलटीएसची परीक्षा (एकशेऐंशी प्रश्नांचा तो पेपर आठवला की अजून पोटात गोळा येतो), आणि मग पूर्व लंडनमधल्या एका छोट्या फर्ममध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला भेटून प्रकरण तयार करणारी वकील. तरीही खटला क्राउन कोर्टात, म्हणजे ज्युरीपुढच्या वरच्या कोर्टात, गेला की मी बॅरिस्टरच्या, म्हणजे कोर्टात उभं राहून बोलणाऱ्या वकिलाच्या, मागच्या बाकावर वही घेऊन बसायचे. रात्री दोनला पोलीस स्टेशनात अशिलाला भेटलेली मी, त्याच्या आईचे फोन घेणारी मी, आणि ज्युरीपुढं उभा राहणार तो माणूस ज्यानं फाइल आदल्या संध्याकाळी उघडलेली. चार वर्षं हे सोसलं. मग फर्मच्या मागं लागून ‘हायर राइट्स ऑफ ऑडियन्स’चा, म्हणजे वरच्या फौजदारी कोर्टांत उभं राहण्याच्या परवान्याचा अभ्यासक्रम केला. त्याबद्दल हे लिहिते आहे, कारण गेल्या सहा महिन्यांत तीन मराठी वकिलांनी ‘ताई, करावा का?’ म्हणून विचारलं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडं सनद मिळाली की तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत कुठंही उभं राहा, 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनं सगळे एकाच पंगतीत. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट तिथंच दाखल होणाऱ्या प्रकरणांत, सॉलिसिटरनं प्रकरण तयार करायचं आणि दुसऱ्यानं मांडायचं ही इंग्रजांची रीत बरीच वर्षं टिकली होती, ती 1976 च्या दुरुस्तीनं गेली. सॉलिसिटरची परीक्षा मात्र मुंबईत अजून होते. इंग्लंडमध्ये ती भिंत तशीच उभी आहे, फक्त तिला एक दार पाडलंय. सॉलिसिटरला मॅजिस्ट्रेट्स कोर्टात, म्हणजे खालच्या फौजदारी कोर्टात, पहिल्या दिवसापासून बोलता येतं. क्राउन कोर्टात काही किरकोळ अपवाद सोडले, उदाहरणार्थ खालच्या कोर्टात आपल्याच फर्मनं लढवलेल्या प्रकरणाचं अपील, तर वेगळी पात्रता लागते. हे दार 1990 च्या कोर्ट्स अँड लीगल सर्व्हिसेस अॅक्टनं उघडलं. सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी एसआरए मानकं ठरवते, परीक्षा सक्तीची. शिकवणी घ्या किंवा घेऊ नका, ती तुमची मर्जी.

मी घेतली. संस्थेचं नाव देत नाही. पुढं तक्रारी आहेत, आणि माझ्या सरावाच्या व्हिडिओवरून त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून मिटलेला नाही. तसंही सगळ्यांना शिकवायचं तेच आहे. फरक पडतो तो समोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा.

स्वरूप असं: दोन शनिवार ऑनलाइन, पुरावा आणि आचारसंहिता. मग होबर्न स्टेशनजवळ एका इमारतीत तीन दिवस प्रत्यक्ष सराव. शिकवणी, परीक्षा आणि व्हॅट मिळून अडीच हजार पौंडांच्या आसपास. माझ्या फर्मनं निम्मे दिले आणि त्याबदल्यात दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून घेतलं.

ऑनलाइनचे दोन शनिवार वाया गेले म्हणायला हरकत नाही. स्लाइडवरचं वाचून दाखवायचं, मध्येच ‘ऐकू येतंय ना सगळ्यांना?’, आणि दुपारनंतर चेहरे बंद. विषय खरं तर असा की माझ्यासारखीची झोप उडावी. आपल्या जुन्या, 2024 च्या जुलैपर्यंत लागू असलेल्या एव्हिडन्स अॅक्टच्या कलम 25 खाली पोलिसापुढचा कबुलीजबाब म्हणजे कचरा, वाचायचासुद्धा नाही (त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमातही तेच). इथं पोलीस स्टेशनातली मुलाखत ध्वनिमुद्रित होते आणि बहुतेक वेळा सरळ ज्युरीपुढं जाते. ती अडवायची तर पोलिसांच्या अधिकारांवरच्या 1984 च्या पेस कायद्याचं कलम 76 नाहीतर 78 घेऊन भांडावं लागतं. तुम्ही गप्प बसलात तरी 1994 च्या कायद्याखाली त्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येतो. आरोपीचं जुनं रेकॉर्ड? आपल्याकडं जुन्या कायद्याच्या कलम 54 नं, आणि आता नव्या कायद्यानंही, दार बंद, आरोपीनं स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा दिला तरच ते उघडणार. इथं 2003 च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टच्या कलम 101 नं सात दारं ठेवलीत, ए ते जी, आणि सरकारी पक्ष कुठल्या दारातून शिरतोय हे ओळखणं हाच निम्मा खेळ. हे सगळं मला रोजच्या कामामुळं माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला त्या दोन शनिवारांनी कळणार नाही. पुस्तक घ्या, महिनाभर वाचा. त्यांनी पाठवलेल्या टिपणांत एके ठिकाणी मॅजिस्ट्रेट्सच्या शिक्षेची मर्यादा सहा महिने छापली होती. ती 2024 च्या नोव्हेंबरपासून पुन्हा बारा महिने झालेली आहे. मी निरोप टाकला, उत्तर आलं, ‘धन्यवाद, कळवतो’. कुणाला कळवलं ते कळलं नाही.

आता ते तीन दिवस.

आम्ही सहा जण. शिकवायला दोघं. एक निवृत्त सर्किट जज, म्हणजे क्राउन कोर्टाचे न्यायाधीश, उंच, कमी बोलणारे. दुसऱ्या लीड्सकडच्या बाई, स्वतः सॉलिसिटर अॅडव्होकेट, म्हणजे हाच परवाना मिळवलेल्या सॉलिसिटर, वीस वर्षं क्राउन कोर्टात काढलेल्या. सरावाचा खटला पबमधल्या मारामारीचा. बाटली फुटली, एकाच्या गालाला बारा टाके, आरोप 1861 च्या कायद्याच्या कलम 20 खालचा, म्हणजे जखम किंवा गंभीर दुखापत केल्याचा. सरकारी पक्षाची मुख्य साक्षीदार बारमागं काम करणारी मुलगी, आणि ओळख पटण्यावर सगळा वाद. साक्षीदार म्हणून त्यांनी नाटकात काम करणारी खरीखुरी नटी आणली होती. तिला कथानक दिलेलं, पण उत्तरं तिची तिनं द्यायची. यासाठी मी पैकीच्या पैकी गुण देईन. सहाध्यायीच साक्षीदार झाला की तो तुम्हाला मदत करतो. ही मुलगी अजिबात करत नव्हती.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि सात वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. तुम्ही बारमागं होतात. तिथून दारापर्यंत बरंच अंतर होतं. तुम्ही खोटं सांगताय असं माझं म्हणणं आहे. तुम्ही माझ्या अशिलाला पाहिलंच नाही असं माझं म्हणणं आहे. तुमचं आणि जखमी मुलाचं चांगलं आहे म्हणून तुम्ही त्याच्या बाजूनं बोलताय असं माझं म्हणणं आहे. ती प्रत्येकाला शांतपणे ‘नाही’ म्हणाली. वीस मिनिटं झाली. मला वाटलं झकास झालं.

कोल्हापूरच्या कोर्टात बसलेल्या कुणालाही हा सूर ओळखू येईल. ‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, मी फिर्यादीचा नातेवाईक असल्याने खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीदार म्हणालेला असतो ‘न्हाई ओ, काय बोलताय’, जजसाहेब स्टेनोला सांगतात, आणि कागदावर उतरतं ते हे शुद्ध, इस्त्री केलेलं वाक्य. व्हरांड्यात पक्षकार घड्याळ बघत असतो. ज्या वकिलाची उलट दोन तास चालली तो मोठा वकील.

बाईंनी जे केलं त्याला हॅम्पेल पद्धत म्हणतात. जॉर्ज हॅम्पेल हे ऑस्ट्रेलियातले न्यायाधीश, त्यांनी बसवलेली. सहा पायऱ्या: आधी एका वाक्यात दोष सांगायचा, मग तुमचेच शब्द तुम्हाला जसेच्या तसे वाचून दाखवायचे, तो दोष का ते सांगायचं, उपाय सांगायचा, शिकवणाऱ्यानं स्वतः करून दाखवायचं, आणि लगेच तुमच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. एका वेळी एकच दोष. कौतुक नाही, ‘छान प्रयत्न’ नाही. इथले बॅरिस्टरही असेच शिकतात.

माझा दोष त्यांनी सांगितला तो असा: ‘तुम्ही साक्षीदाराला विचारत नाही आहात, कुणालातरी लिहून देताय.’

मग वहीतून माझी चौदा ‘माझं म्हणणं आहे’ एका सुरात वाचली. सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

मी जरा भांडले. म्हटलं, आमच्याकडं साक्षीदाराला एखादी गोष्ट सुचवली नाही तर ती तुम्हाला मान्य आहे असं धरतात. त्या म्हणाल्या, आमच्याकडंही, ब्राउन विरुद्ध डन, 1893. पण ते एकदा, नेमक्या मुद्द्यावर, शेवटी. चौदा वेळा कशासाठी? आणि मला उत्तर देता देताच कळलं कशासाठी ते. आपल्याकडं उलट घ्यायची ती समोरच्या जजसाठी थोडी आणि हायकोर्टासाठी जास्त. सत्र न्यायालयात शिक्षा लागणार हे पुष्कळदा दिसतच असतं. अपिलात दोन न्यायमूर्ती चार-सहा वर्षांनी तो टाइप केलेला कागद पहिल्यापासून वाचणार, पुरावा नव्यानं तोलणार. साक्षीदाराचा चेहरा त्यांना दिसणार नाही, तो घुटमळला ते दिसणार नाही. त्यांना दिसेल ते फक्त वाक्य. म्हणून आपण वाक्यं पेरून ठेवतो. माझे सिनियर तर म्हणायचे, ‘रेकॉर्डवर आलं नाही ते घडलंच नाही.’ इथं बारा माणसं समोर बसलेली असतात, त्यांना आजच ठरवायचं असतं, आणि त्यांनी का ठरवलं हे ती कधी सांगत नाहीत. त्यांचा कौल वरचं कोर्ट सहसा उकरत नाही. त्यांच्यापुढं चौदा वेळा ‘नाही’ वदवून घेणं म्हणजे सरकारी पक्षाची गोष्ट चौदा वेळा सांगणं.

या एका तासासाठी मी अडीच हजार पुन्हा देईन. (फर्मनं निम्मे दिले तरच.)

बाईंनी करून दाखवलं. सहा प्रश्न. शुक्रवार होता. पब भरलेला होता. तुम्ही ग्लास भरत होतात. ग्लास भरताना नजर ग्लासवर असते. फुटल्याचा आवाज आला म्हणून तुम्ही वर पाहिलंत. म्हणजे बाटली फुटली तेव्हा ती कुणाच्या हातात होती हे तुम्ही पाहिलेलं नाही. मुलगी थांबली. तिनं उत्तर द्यायच्या आधीच बाई बसल्या होत्या, नजर मात्र आमच्यापैकी ज्युरी झालेल्यांकडं. मग मला पुन्हा उभं केलं. तिसऱ्या खेपेला नऊ प्रश्नांवर आले. शेवटी बसताना तोंडातून ‘दॅट्स ऑल, युवर ऑनर’च्या आधी एक ‘माझं म्हणणं’ निसटलंच.

आपल्या इतिहासात डोकवायचं तर ज्युरी आपल्याला अगदी परकी नाही. 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं, आणि पुढं शिक्षा झाली. त्यानंतर आपल्याकडची ज्युरी गेलीच. मी कॉलेजात हा खटला किश्श्यासारखा वाचला होता. बारा खुर्च्यांपुढं उभी राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, त्या नऊ जणांपुढं बोलणाऱ्या वकिलांची भाषा कशी असेल.

खुर्च्या म्हणजे खरंच खुर्च्या. ही माझी मोठी तक्रार. अंतिम भाषणाच्या सरावाला बारा रिकाम्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या तीन खुर्च्यांवर आमचे कोट. नटीवर खर्च केला तसा आठ-दहा साध्या माणसांना दुपारभर बसवण्यावर केला असता तर? जवळच्या कॅफेत तेवढी माणसं सहज मिळाली असती. जजसाहेबांनी एक गोष्ट मात्र लाखमोलाची सांगितली. मी भाषणात ‘वाजवी शंकेपलीकडे’चं इंग्रजी रूप तीनदा वापरलं. ते म्हणाले, इथले जज ज्युरीला आता तसं सांगत नाहीत. ‘तुमची खात्री पटली पाहिजे’ एवढंच सांगतात. तुम्ही एक शब्द वापरणार आणि जज दुसरा, मग ज्युरीच्या खोलीत वाद कशावर होईल? आजवर मी ‘वाजवी शंका’ हा शब्द देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला होता.

तिसरा दिवस दुर्बळ साक्षीदारांचा, म्हणजे मुलं, बौद्धिक अडचणी असलेली माणसं, लैंगिक गुन्ह्यांतले फिर्यादी. इथं खटल्याआधी ‘ग्राउंड रूल्स हिअरिंग’ होतं. कसे प्रश्न विचारायचे, किती वेळ, मध्ये किती विश्रांती, हे जज आधीच ठरवून देतात, पुष्कळदा प्रश्नही लिहून मागतात. 1999 च्या कायद्याच्या कलम 28 खाली अशा साक्षीदाराची उलट खटल्याच्या कितीतरी आधी घेऊन चित्रित करून ठेवता येते, म्हणजे मूल दोन वर्षं तेच आठवत बसत नाही. मला आपला पॉक्सो आठवला. 2012 च्या त्या कायद्यात कलम 33 नं वकिलाला मुलाशी थेट बोलूच दिलेलं नाही. प्रश्न जजला द्यायचा, जज मुलाला विचारणार. कागदावर आपली तरतूद जास्त कडक. इथं वकिलालाच विचारायला लावतात, पण आधी त्याला बोलायला शिकवतात. सरावात एक इंटरमीडिअरी, म्हणजे साक्षीदाराला प्रश्न समजावा म्हणून कोर्टात बसणारी मध्यस्थ, आली होती. माझ्या दुसऱ्याच प्रश्नाला तिनं हात वर केला. ‘तू तिथं होतास, हो ना?’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला विचारायचा नाही, कारण मोठं माणूस ‘हो ना’ म्हणालं की मूल ‘हो’ म्हणतं. मराठीत आपण प्रत्येक वाक्याला ‘ना’ लावतो, ना? घरी येऊन लेकीशी बोलताना मोजलं, आणि मोजणं सोडून दिलं.

बाकी पटापट. स्केलेटन आर्ग्युमेंट, म्हणजे अर्जाआधी कोर्टाला द्यायचा लेखी युक्तिवादाचा सांगाडा, बरा शिकवला. मी आठ पानं लिहिली होती, जजसाहेबांनी दोन वाचून बाकीची न उघडता परत दिली. सरकारी पक्षाचा पुरावा संपल्यावर ‘खटलाच उभा राहत नाही’ म्हणायचा अर्ज, 1981 च्या गॅलब्रेथ खटल्यातल्या कसोटीवर, चांगला झाला. आचारसंहितेचा भाग पुन्हा स्लाइडवाचन. जेवण म्हणजे गार सँडविच, शाकाहारी म्हणाल तर तीनही दिवस अंडं. आणि व्हिडिओ. प्रत्येकाच्या सरावाचं चित्रीकरण आठवड्यात पाठवू असं माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं. माझी परीक्षा होऊन निकाल लागला तरी आलं नव्हतं. तिसऱ्या मेलनंतर आलं ते दुसऱ्याच कुणाचं. बाकी हे प्रकरण चालू आहे.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. पुरावा-आचारसंहितेचा लेखी भाग आणि प्रत्यक्ष युक्तिवाद, दोन्ही पहिल्या खेपेत निघालं. लेखीला पुस्तक कामी आलं, प्रत्यक्षला बाई.

विग घ्यायचा की नाही हा प्रश्न सगळे विचारतात. 2008 पासून सॉलिसिटर अॅडव्होकेटलाही घालता येतो. चॅन्सरी लेनला एड अँड रेव्हन्सक्रॉफ्टमध्ये गेले होते, 1689 पासूनचं दुकान. डोक्याचं माप घेऊन घोड्याच्या केसांचा विग, किंमत पाचशे पौंडांच्या पुढं. माझा आंबाडा त्यात मावेना, शेवटी केस कापले. गाऊन बॅरिस्टरांच्या गाऊनहून वेगळा, पाठीवर ती छोटी पिशवी नाही, त्यामुळे आत शिरताक्षणी सगळ्यांना कळतं तुम्ही कोण. कळावं म्हणून आणखी एक सोय आहे. बॅरिस्टर एकमेकांना ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणतात, सॉलिसिटरला जुन्या रिवाजानं नुसतं ‘माय फ्रेंड’. ‘लर्नेड’ गाळलं जातं. शिकवणीत याबद्दल एक शब्द नव्हता. असायला हवा होता, कारण पहिल्या दिवशी ते ऐकू येतं आणि लागतं. गळ्यातले पांढरे बँड मात्र मी कोल्हापूरचेच वापरते, कोर्टाबाहेरच्या दुकानातले. इस्त्री नीट बसते.

कुणी करावा? भारतात सत्र खटले चालवलेल्यांनी नक्की करावा. तुम्हाला सगळं येतंय असं वाटत असेल तर आधी करावा. शुक्रवार-शनिवार-रविवारची तुकडी घेऊ नका, तिसऱ्या दिवशी शिकवणारेही दमलेले असतात. ऑनलाइन भाग गाळून नुसते तीन दिवस मिळतात का ते विचारा. मला नाही म्हणाले, माझ्यानंतरच्या एकाला मिळाले.

गेल्या महिन्यात पूर्व लंडनमधल्या स्नेअर्सब्रुक क्राउन कोर्टात माझा पहिला पूर्ण खटला उभा राहिला. तळ्याकाठची जुनी शाळेची इमारत, आत वीस कोर्टं, आणि क्राउन कोर्टात सत्तर हजारांच्या वर प्रकरणं तुंबलेली, त्यामुळे आमची तारीखही दीड वर्षानं लागली होती. दुकानाच्या मालकाची उलट मी अकरा प्रश्नांत संपवली आणि बसले. सरकारी बाजूच्या बॅरिस्टरनं मान वर करून पाहिलं, बहुधा अजून येईल म्हणून. जेवणाच्या सुट्टीत खालच्या कोठडीत अशिलाला भेटायला गेले. तो सिल्हेटी, म्हणजे मूळ बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा, त्याचा काका बाहेर व्हरांड्यात बसलेला. अशील जाळीपलीकडून म्हणाला, ‘मिस, काका विचारतोय, एवढंच?’